मौनाचा रविवार

लाखांदूरच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून, ख्रिस्ती सिस्टरांचं एक छोटं घर आहे. व्रतं घेण्याआधी मुली इथे राहून शिकतात. महिना बदलला की त्यांची कामं बदलतात. आज जिच्याकडे स्वयंपाक, तिच्याकडे पुढल्या महिन्यात भाजीचे वाफे. पहिला रविवार मौनाचा. शेवटच्या शनिवारी सगळ्या गोल बसून एकमेकींची क्षमा मागतात.

सिस्टर बेनेडिक्टा या घराच्या प्रमुख. शिस्तीला कडक.

मुलींमध्ये टांझानियाहून आलेली नीमा होती. मराठी ती कुंपणापलीकडच्या चंद्रभागाबाईकडून शिकली, म्हणून तिच्या तोंडी सगळं ‘मले’ आणि ‘तुले’. एका मौनाच्या रविवारी ती कुंपणाशी उभी राहून बाईशी गप्पा मारताना सापडली. बेनेडिक्टा रागावल्या, तर म्हणाली, “बाईची गाय व्याली ना सिस्टर! चुप कशी राहू?” सगळ्या मुली खदखदून हसल्या. बेनेडिक्टांना ते हसणं लागलं.

पुढच्या मौनाच्या रविवारी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. नीमाचा भाऊ, बराका, तुटक इंग्रजीत सांगत होता, “आई दवाखान्यात आहे. नीमाशी बोलायचं म्हणते.”

“आज मौन आहे. संध्याकाळी करा.”

“सिस्टर, ती सारखी तिचंच नाव घेतेय.”

खिडकीतून नीमा दिसत होती. चिंचेखाली बसून डोळे मिटून जपमाळ ओढत होती. एक हाक पुरली असती. पण बेनेडिक्टांच्या कानात ते हसणं पुन्हा वाजलं. आज बरी शांत बसली आहे, त्यांच्या मनात आलं, हिच्यासाठीच दर वेळी नियम मोडायचा का?

“संध्याकाळी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांनीच फोन लावला. आई दुपारीच गेली होती.

बेनेडिक्टांनी नीमाला मृत्यूची बातमी दिली, जवळ घेतलं, आईसाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना ठेवायला सांगितली. सकाळच्या फोनचं मात्र तोंडातून निघेना. आज नको, पोरीचं दुःख ताजं आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच बजावलं.

मयताच्या घरी चूल पेटवायची नसते म्हणून चंद्रभागाबाई वरण-भाताचं भगोणं घेऊन आली. नीमाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “खाय माय, दोन घास खाय.”

“बाई,” नीमा म्हणाली, “मरताना मायनं मले आवाज नाही देला. घर सोडून आली म्हणून थे रागावली होती. रागातच गेली. भाऊ बी फोनवर धड बोलत नाही. काहून बोलत नाही, समजतच नाही.”

दारात पाण्याचा गिलास घेऊन उभ्या असलेल्या बेनेडिक्टांना समजलं. नीमाला निरोप मिळाला आणि तरीही ती उठली नाही, असंच बराका धरून चालला होता. त्या आत न जाता तशाच मागे फिरल्या.

मग अन्न गोड लागेना. पापनिवेदनाला त्या फादरांपुढे सगळं बोलल्या. फादरांनी एवढंच विचारलं, “नीमाला सांगितलंत?”

शेवटच्या शनिवारी सगळ्या गोल बसल्या. नीमा नेहमीसारखी म्हणाली, “मी मौन मोडते. मले माफ करा.”

दरवेळी बेनेडिक्टा फक्त ऐकून घेत आणि प्रार्थनेनं शेवट करत. त्या दिवशी त्यांचे हात जोडले गेले, पण प्रार्थना निघाली नाही.

“नीमा, तुझ्या आईनं तुला हाक मारली होती. त्या सकाळी बराकाचा फोन आला होता. मी तुला बोलावलं नाही.”



“मौन होतं म्हणून?” नीमानं विचारलं.

‘हो’ म्हणणं सोपं होतं. “नाही. तू मागे सगळ्यांना हसवलं होतंस, त्याचा राग होता.”

“माय काय म्हणत होती?”

“तुझं नाव घेत होती. सारखं तुझंच नाव.”

नीमा उठून बाहेर गेली. अंगणातून तिचं रडणं ऐकू येत राहिलं, आणि तिच्याजवळ जायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे जाणून बेनेडिक्टा जागच्या जागी बसून राहिल्या. नंतर त्यांनी स्वतः बराकाला फोन लावला. त्याला खरं काय ते सांगितलं, त्याचे कडू शब्द शेवटपर्यंत ऐकून घेतले.

नीमानं घरी जायची परवानगी मागितली. वरिष्ठांनी ती लगेच दिली. बेनेडिक्टांनी त्यांनाही काही लपवलं नाही. आपल्याकडची जबाबदारी काढून घ्या, असं त्याच म्हणाल्या.

लाखांदूरच्या एसटी स्टँडवर नीमा आणि बेनेडिक्टा नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. पोचवायला आलेली चंद्रभागाबाई नीमासाठी मुरमुऱ्याचे लाडू बांधून घेऊन आली होती.

“नीमा, मला माफ...”

“आता नाही, सिस्टर,” नीमा हळूच म्हणाली. “आता म्हटलं तर खोटं होईन. म्हणीन तवा खरंच म्हणीन.”

तिनं चंद्रभागाबाईच्या गळ्यात हात टाकले, बेनेडिक्टांपुढे नुसती मान लववली आणि गाडीत चढली.

गाडी गेल्यावर चंद्रभागाबाईनं पदरानं डोळे पुसले. “येईन का जी थे पोरगी परत?”

“माहीत नाही,” बेनेडिक्टा म्हणाल्या. “नाही आली, तर ते माझ्यामुळे.”

दोघी बांध्यांच्या बाजूच्या रस्त्याने चालत घरी निघाल्या.