तीन दगड आणि एक बूट

"मानवजातीच्या सगळ्या थोर संस्कृती पाण्याच्या काठी जन्माला आल्या," असं आयुष सरांनी तलावाकडे दोन्ही हात पसरून जाहीर केलं, आणि पुढचं वाक्य बोलायला म्हणून एक पाऊल पुढे टाकताच ते स्वतः त्या काठात गुडघ्यापर्यंत गेले.

वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा, असा तो गाळ होता. वनरक्षक रामसिंग राठोडने त्यांना काखेत धरून उपसलं. पाय आला, बूट आला नाही. खड्डा दोनदा बुडबुडला आणि मिटला.

"काका, बूट!"

"राहू द्या जी, सर. आत्ता हात घातला त हातबी घेईन थो."

आयुष सर नागपूरचे. निसर्ग पर्यटनाचे सल्लागार. झरी जामणीच्या डोंगरांत, सागाच्या जंगलात मोहझरीचा तलाव आहे, त्याच्या काठी बारा तंबूंचं शिबिरस्थळ करायचं ठरलं होतं. जागा निवडायला सर आले होते, सोबत वनक्षेत्रपाल दीपमाला मॅडम होत्या, आणि वाट दाखवायला रामसिंग. सरांनी जागा खरं तर नागपुरातूनच निवडून आणल्या होत्या. त्यांच्या टॅबवर उपग्रहाच्या फोटोत दोन लाल ठिपके होते. पहिला, हा काठावरचा हिरवागार सपाट पट्टा. दुसरा, वर झाडीतली मोकळी जागा. तिसरा ठिपका नव्हता. उपग्रहाला बहुधा तेवढाच वेळ होता.

"ही तर फायनलच समजा," एका बुटावर तोल सांभाळत सर म्हणाले. "बूट गेला तरी हरकत नाही. सूर्यास्त बघा इथला."

सकाळचे दहा वाजले होते. तरीही मॅडमनी सूर्यास्ताच्या दिशेनं मान हलवली. मग त्यांनी फाइल उघडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "स्थानिक अनुभवी कर्मचाऱ्याचं मत लागतं इथं. राठोड, तुमचं काय मत आहे?"

रामसिंगने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्याला मत विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. नोकरीचंच कशाला, एकूण आयुष्यात त्याने निवडलेलं असं फारसं काही नव्हतं. जन्मतारीख हेडमास्तरांनी निवडली होती. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर शाळा तपासणीचं पत्र पडलं होतं, त्यावरची तारीख त्यांनी उचलली. त्या तारखेच्या जोरावर रामसिंग येत्या अठ्ठावीस फेब्रुवारीला, म्हणजे अकरा दिवसांनी, रिटायर होणार होता. बायको तांड्याच्या नायकानं निवडली, आणि ती निवड इतकी चांगली निघाली की त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. बदल्या वरून आल्या. सरकारी बूट दरवेळी एक नंबर मोठे आले. पुढच्या बाजूला कापूस कोंबून तो तेहेतीस वर्षं चालला.

आणि आता मत.

मत त्याच्याकडे होतं, आणि पंचाईत तीच होती. हा पट्टा म्हणजे तलावाचं पोट होतं. पावसाळ्यानंतर पार दिवाळी उलटेपर्यंत इथं पाणी असायचं. काठावरच्या कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, खोडांवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर गाळाची पांढुरकी रेघ होती. ज्याला झाड वाचता येतं त्याला ती दिसत होती, आणि फोटो वरून काढलेला असल्यामुळे उपग्रहाला दिसली नव्हती. एवढं सांगितलं की पहिला ठिपका कटला.

पण मग उरायचा दुसरा.

दुसऱ्या ठिपक्याखाली एक मोठा धोंडा होता, त्याच्या कुशीला चुलीचे तीन काळे दगड, आणि धोंड्यामागे मोहाचं झाड. मोहफुलं वेचायला आलेल्या त्याच्या आईला त्या झाडाखाली कळा लागल्या, आणि रामसिंग तिथंच जन्मला. ते दगड तिनंच मांडले होते. याडी, म्हणजे आई, होती तोवर दर फाल्गुनात ती तिथं येऊन रांधायची. ती गेल्यावर त्याची बायको धनीबाई रांधायला लागली. कागदावर जागा सरकारची, झाड सरकारचं, दगडही सरकारीच. रामसिंग तिथं वर्षानुवर्षं गस्त घालत होता आणि एका अक्षरानं कुठं त्याची नोंद नव्हती. आता तिथं बारा तंबू येणार, आणि मोहाच्या बुंध्याशी बहुतेक संडास, कारण उतार त्या बाजूला होता.

गप्प राहिलं तर दगड वाचत होते. मत नाही म्हणायला काय जात होतं? मतं नसलेली माणसं त्याच्या खात्यात भराभर वर चढलेली त्याने पाहिली होती.

पण श्रावण-भादव्यात कुणाची तरी लेकरं इथं तंबूत झोपली असती.

"मॅडम," तो म्हणाला, "इथी नोका करू. पावसाळ्यात तंबू तरंगतीन." आणि त्याने कहूवरची रेघ दाखवली.

मॅडम त्या रेघेला पाठ लावून उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या हनुवटीला लागली. त्यांनी फाइलमधली पहिली जागा खोडली.

"काही हरकत नाही," आयुष सर म्हणाले. "साइट ब!"

चढावर सर एका पायात बूट आणि एका पायात मोजा असे चालत होते. रामसिंग मुद्दाम हळू चालत होता. वर धनीबाई असणार होती. साहेब लोक आले की वनरक्षकाच्या बायकोनं रांधायचं, हा कुठं न लिहिलेला नियम आहे, आणि लिहिलेले नियम मोडले तरी तो कुणी मोडत नाही. सकाळी तो तिला "तलावावर सैपाक कर" एवढंच बोलला होता. तलावावर म्हणजे तिच्यासाठी एकच जागा.

ती तिथंच होती. तीन दगडांत काटक्या रचून, परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसली होती.

"अरे वा!" सर ओरडले. "चूलसुद्धा तयार! मॅडम, मी सांगतो, ही जागा प्रीमियम आहे."

रामसिंगने आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना फसवायचं ठरवलं. सवय नसल्यामुळे ते त्याला जमेना.

"सर, इथी बिबट येते."

"खरंच?" सरांनी टॅब काढला. "नेहमी येतो?"

"नेहमीच. मांगल्या हप्त्यात इथीच बसेल होता, या धोंड्यावर."

"बिबट्याची शिळा," सरांनी लिहून घेतलं. "हे माहितीपत्रकात पहिल्या पानावर."

"सापबी लय हायेत."

"कोणते कोणते?"

रामसिंगने घाबरवायला म्हणून पाच साप सांगितले. सरांनी पाचही लिहिले आणि सहाव्यासाठी आशेनं पाहिलं.

"अस्वल?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण आवाजात किंचित काहीतरी होतं.

"अस्वल त... मोहाले येतेच जी," रामसिंग खचून म्हणाला. हे मात्र खरं होतं.

"काका, तुम्ही म्हणजे खजिना आहात," सर म्हणाले.

त्याने धनीबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला इतकं बोलताना दोनदाच पाहिलं होतं; एकदा तापात, आणि एकदा मुलगी वर्षा हिच्या लग्नात. दोन्ही वेळा त्याला आवरावं लागलं होतं.

"तुमी साहेबाले जरा झाड दाखवून आना," ती म्हणाली. "इथी घोयका करू नोका. मले पेटवू द्या."

रामसिंग त्या दोघांना घेऊन धोंड्यामागच्या मोहाकडे गेला. याच झाडाखाली आपण जन्मलो, हे त्याच्या ओठापर्यंत आलं होतं. पण त्याचंही माहितीपत्रक झालं असतं, म्हणून त्याने ते गिळून टाकलं.

परत येऊन सगळे जेवायला बसले तेव्हा चूल पेटली होती. आणि धूर असा उठला की काय सांगावं! तो वर जाईना. हातभर चढायचा, विचार बदलायचा आणि आडवा होऊन थेट पंगतीवर यायचा. आयुष सर उजवीकडे सरकले, धूर उजवीकडे गेला. ते डावीकडे गेले, तो पाहुण्याला सोडायला निघाल्यासारखा मागोमाग आला. दीपमाला मॅडमनी रुमालानं डोळे टिपत वांग्याची भाजी खाल्ली. रामसिंगला काही समजेना. या धोंड्याच्या आडोशाला धूर नेहमी सरळ वर जायचा, शेंडीसारखा.

"नेहमी... असाच... धूर?" सरांनी खोकत विचारलं.

"जागेची गोठ हाये, सर," धनीबाई भाकर उलटत म्हणाली. "आमचे म्हातारे बैलावर मीठ, धान लादून देशोदेशी फिरत. रोज नवा मुक्काम. त मुक्काम कोन निवडे? नायक नाई निवडे. बाई निवडे. तीन दगड मांडाचे, चूल पेटवाची. धूर सरळ गेला त सामान उतरवाचं. खाली बसला, त उचला बोचकं, चाला पुढं. पोरं खोकलतीन, मच्छर होईन, रातभर हवा कोंडीन."

"आणि इथं बसतोय धूर."

"तुमीच पाहून राह्यले."

सरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांना दिसत काही नव्हतं, पण पटत सगळं होतं. "पारंपरिक ज्ञान," ते पुटपुटले, आणि बोटाने अंदाजाने टॅबवर काहीतरी उमटवलं.

"मग मावशी," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रीतीनं तंबू कुठं टाकावे?"

धनीबाईनं उलथणं उचलून तलावापलीकडे दाखवलं. तलावाचा मातीचा बांध जिथं डोंगराला टेकतो, तिथं एक उंच मुरमाड माळ होता. चार पळसाची झाडं, खाली सावली, पाणी तिथवर चढायची सोय नाही. "थे घ्या. तठी पाच पिढ्या आधी आमचा अख्खा तांडा बसे."

रामसिंगने कपाळावर हात मारला नाही एवढंच. तो माळ त्याने हजार वेळा पाहिला होता. पण ठिपके दोन आहेत म्हटल्यावर जागाही दोनच, हे त्यानेही सरकारी माणसासारखंच धरून ठेवलं होतं.

मग एक मिरवणूक निघाली. पुढे धनीबाई, तिच्या हातातल्या फुटक्या घमेल्यात धुमसती गोवरी. मागे मॅडम फाइल घेऊन. त्यांच्या मागे सल्लागार एका बुटावर. शेवटी रामसिंग. माळावर घमेलं टेकवलं. धूर जरासा घुटमळला आणि पळसाच्या फुलांमधून सरळ आभाळात गेला. त्याच क्षणी आयुष सरांच्या खिशातला फोन वाजला. सकाळपासून पहिल्यांदा रेंज आली होती. घरून होता.

"हो, जेवलो," सर म्हणाले. "जागा मिळाली. अगं, एकदम परफेक्ट!"

मॅडमनी उभ्याउभ्या अहवाल लिहिला. 'स्थळ क्र. ३. पूररेषेच्या वर. धूर परीक्षण समाधानकारक.' स्थानिक कर्मचाऱ्याच्या मताच्या रकान्यात त्यांनी रामसिंगचं नाव घातलं आणि पेन त्याच्या हातात दिला. त्याने सही केली. सही करताना त्याच्या लक्षात आलं की खाली 'पाहिले' असं लिहायची जुनी सवय आज उपयोगाची नाही. मग त्याने नुसतंच नाव लिहिलं, जरा मोठं.

जीप गेली. तो हलका झाला. इतका हलका की बुटातला कापूसही आज जास्त वाटत होता. भांडी आवरायला म्हणून तो पुन्हा चढ चढून वर आला.

धनीबाई त्याच्या आधीच येऊन, वाकून चुलीतला एक दगड ढकलत होती. चूल विझवून झाली होती. धोंड्याच्या अगदी कुशीला, जमिनीत तीन खोलगट काळे खड्डे रिकामे पडले होते. आणि दगड त्यांच्यापासून दोन हात लांब, उघड्यावर, घळीतून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी.

मग त्याच्या ध्यानात आलं की झाड दाखवायला त्याला का पाठवलं होतं.

"तू हालवले होते?"

"मंग का बिबट्यानं हालवले?" ती म्हणाली. "माह्या सासूचे दगड हायेत. उभे काय राह्यले, लावा हात."

त्याने हात लावला. दगड ओळखीच्या खड्ड्यांत एकेक करून बसले, हलले नाहीत. याडीनं मांडले होते तसे. धोंड्यावर जुन्या धुराची काळी रेघ वर गेली होती. खाली तलाव शांत होता. पलीकडच्या माळावर उद्या-परवा माणसं येतील, तंबू उभे राहतील, आणि ते कधी भिजणार नाहीत. इथं कुणी येणार नाही. अकरा दिवसांनी त्याचा गणवेश जाईल, काठी जाईल, क्वार्टर जाईल. पण दर फाल्गुनात ही चूल पेटेल. एका दिवसात त्याने एक मत दिलं होतं आणि एक जागा राखली होती. म्हणजे, बायकोनं राखली होती. पण सही त्याची होती.

तिला काहीतरी मोठं, पस्तीस वर्षांच्या तोलाचं, सांगावं असं त्याला वाटलं. त्याने घसा साफ केला.

"वर्षाची माय..."

"बोला नं."

"मी म्हनतो, या जिंदगीत..."

ती थांबली. परात कमरेवर घेऊन, मान तिरकी करून तिनं त्याच्याकडे पूर्ण पाहिलं, अगदी शेवटपर्यंत ऐकायच्या तयारीनं. वाक्य पुढे येईना. चूल गार होत आली होती. मोहाची दोन पानं पडली.

"बरं, थे मंग सांगजा," ती म्हणाली. "उजेड हाये तवर खाली जा, अन् त्या साहेबाचा बूट तेवढा काढून आना."