समुद्राची मळी

माझा नवरा दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये समुद्र पाळायचा. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. दौंडात प्यायच्या पाण्याची मारामार आणि हा बाबा मुंबईहून खारं पाणी आणतो, म्हणून पहिलं वर्षभर मीही त्याला कमी बोलले नाही.

मल्हारी गाडीच्या डब्यांतल्या दिव्या-पंख्यांचा फिटर होता. ड्युटीवर मुंबईला गेला की येताना समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन ठरलेले. घरात ट्रंकेएवढी काचेची पेटी, तिच्यात एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्री जीव, आणि त्या फुलात राहणारे दोन मासे. नारंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. "नवरा-बायको हायती," तो म्हणायचा. "भांडत्यात बघ कशी. मोठी हाय ना, ती बायको."

गोड्या पाण्याची पेटी घाण झाली तर नळाखाली धरावी. खाऱ्या पाण्याचा नळ पावणेतीनशे किलोमीटरवर. म्हणून मल्हारीनं एक यंत्र केलं होतं. मुंबईला बोटीवरच्या कुणा साहेबाच्या घरी त्यानं तसलं जर्मनीचं पाहिलं होतं. पेटीत एक उभी नळी, तिच्या तळाशी लाकडाचा तुकडा. पंपाची हवा त्या लाकडातून सुटली की बारीक बुडबुडे निघायचे. पाण्यातला चिकट मळ बुडबुड्यांना धरून वर चढायचा आणि नळीच्या डोक्यावरच्या वाटीत फेस होऊन साचायचा. सकाळी त्या वाटीत चहाच्या रंगाचं घाणेरडं पाणी असायचं. ते तो मला निरशा पोटी आणून दाखवायचा आणि म्हणायचा, "हे सगळं पाण्यात ऱ्हायलं असतं, धुरपदा."

बुडबुडे बारीक हवेत म्हणून त्यानं किती लाकडं नासली. बाभळीतून हवाच निघेना, लिंबातून भलेमोठे बुडबुडे. शेवटी पांगाऱ्याच्या लाकडानं दुधासारखा फेस दिला. त्या दिवशी त्यानं आळीत पेढे वाटले. शेजारची कुशाबाई धावत आली आणि कानाशी लागून म्हणाली, "दिवस गेलं का गं?" मी म्हटलं, "गेले की. पांगाऱ्याला." तेव्हा हसले, पण लग्नाला सात वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता आणि ते हसणं मला आतून बरंच लागलं.

त्याचा एकच दंडक होता. डोक्याला तेल लावून तोच हात पाण्यात घालायचा नाही. तेल पडलं की फेस मरतो, फेस मेला की घाण पाण्यातच राहते. माझा हात तो दोनदा राखेनं धुऊन घ्यायचा.

शहात्तर सालच्या फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी तो गेला. एवढंच सांगते, त्यापुढचं मला सांगवत नाही.

माझे सासरे म्हस्कूआबा यवतहून आले, ते दिवसकार्य झाल्यावरही परत गेले नाहीत. आबा गुळव्या, गूळ करणारे. यवत-भांडगाव पट्ट्यात कुणाचंही गुऱ्हाळ लागलं की रस आटवायच्या काहिलीवर उभं राहायला आबांना बोलावणं यायचं. उसाचा रस कधी उतरवायचा, मळी कधी काढायची, हे ते लांबून वासावर सांगायचे. बापलेकांचं फार बोलणं नव्हतं. पोरगं काहील सोडून नोकरीला पळालं हा आबांचा राग, आणि आपल्या कामातलं बापाला काय कळतंय ही मल्हारीची घमेंड. दोघंही हटवादी. पोरगं जिवंत असताना आबांनी त्या पेटीकडे नीट पाहिलंही नव्हतं.

तेराव्यानंतर एकदा ते पेटीसमोर बसले. "ह्यो फेस कशाला करतंय हे?"

मी सांगितलं. आबा ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, "म्हंजी मळी काढतो की ह्यो!" आणि हसले. रस तापला की मळ वर येतो, वर आलेला मळ काढला की खालचा रस निवळ होतो, जन्मभर दुसरं काय केलं आम्ही, असं म्हणत म्हणत ते रडायला लागले. मीही रडले. घरात त्याचं म्हणून हलणारं आता एवढंच होतं, ते दोन मासे. ते जगले पाहिजेत, दुसरं मला काही नको होतं.

त्या दिवसापासून वाटी आबांकडे. मल्हारीचा दोस्त पोपट मुंबईहून पाणी आणून द्यायचा. यवतची माणसं बोलवायला आली तर आबा म्हणायचे, "माझ्या पोराची काहील चालू हाय. न्हाई जमायचं." मी त्यांना एवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं, आणि पोराच्या पाठी हे सुख बघून मला त्यांची चीडही यायची.

एप्रिलमध्ये मला मल्हारीच्या जागी नोकरीसाठी पुण्याला बोलावलं. एक रात्र बहिणीकडे राहावं लागणार होतं. आबांच्या हातून खाणं जास्त पडेल, म्हणून निघताना मीच सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भिजवून, कुटून, दोन दिवसांचं एकदम पेटीत टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तर आबा भिजलेल्या धोतरानं भुईवर बसलेले. पेटीतलं पाणी गढूळ, वर तेलकट तवंग. समुद्रफूल विरघळून चिंधी झालेलं. नळीतून बुडबुडे निघत होते, पण फेसाचा पत्ता नव्हता. आणि ते दोघं तवंगाखाली कुशीवर तरंगत होते.

"काल दुपारधरनं उसळाया लागला," आबा म्हणाले. "वाटी भरली, वतली, परत भरली. भुईवर सगळा फेस. पेटीतलं पानी कमी व्हाया लागलं. म्हटलं समदा समुद्र उतू जातोय."

"मग काय केलं, आबा?"

"काय करत्यात? एरंडेल सोडलं. चार थेंब. बसला बघ लगीच. मग सांजच्याला परत उसळला, तवा आजून चार."

गुऱ्हाळावर हेच करतात. रस उतू जायला लागला की गुळव्या तेलाचा थेंब सोडतो आणि फेस बसतो. चाळीस वर्षं त्यांच्या हाताला हेच वळण. मला हे ठाऊक होतं, मल्हारीचा दंडकही ठाऊक होता. दोन महिने आम्ही एका घरात होतो आणि मी तो त्यांना सांगितला नव्हता. पण त्या वेळी असलं काही डोक्यात आलं नाही. माझी जीभ मुळातच तिखट. मी म्हणाले, "पोरगं गेलं, त्याचं मागं राहिलेलंही तुम्हीच मारलंत."

आबांनी दोन्ही मासे ओंजळीत घेतले आणि मागच्या अंगणात हातानं माती उकरून पुरले. सकाळच्या गाडीनं यवतला गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

पावसाळ्यात मला नोकरी लागली. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली आणि यवतचं माणूस भेटलं की एकच सांगायचं, आबा काहिलीवर चढत नाहीत. भांडगावचे लोक गाडी जुंपून न्यायला आले होते, तरी नाही. हाताचा अंदाज गेला म्हणतात आणि ओट्यावर बसून राहतात. ऐकून जाऊन यावंसं वाटायचं, पण धाडस होत नव्हतं.

डिसेंबरात पोपट एक पिशवी घेऊन आला. मल्हारीचं कामावरचं कपाट दुसऱ्याला दिलं होतं, त्यातलं सामान. पक्कड, टेस्टर, जुना शर्ट आणि एक वही. वहीत पेटीचंच सगळं. कुठलं लाकड किती दिवस टिकलं, वाटी किती भरली. एका पानावर लिहिलं होतं : "खाणं जास्त पडून कुजलं की फेस उसळून उतू जातो. घाबरू नये. यंत्र काम करतंय. वाटी ओतत राहावी, पाण्याची भर घालावी."

म्हणजे माझे सोडे. ती दोन दिवसांची मूठ. यंत्र बिचारं माझी घाण उपसत होतं, आणि आबा पाणी वाचवायला धडपडत होते.

रविवारी वही घेऊन मी यवतला गेले. आबा ओट्यावरच होते, निम्मे झालेले. मी पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. ते पान वाचून दाखवलं. "पहिली चूक माझी, आबा. तेलाचंही मी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे काही दोष नाही."

"ऊस कसा बी येऊ दे, पोरी," आबा म्हणाले. "खारा येऊ दे, किडका येऊ दे. काहिलीवर उभं ऱ्हायल्यावर गुळव्यानं उसाला बोल लावायचा नसतो. उसळनं त्येचं काम. निवळनं आपलं."

"असं नका म्हणू, आबा."

"न्हाई तर काय म्हनू?" मग त्यांनी वहीला बोट लावलं. आबांना अक्षरओळख नव्हती. "आजून काय लिवलंय त्येनं?"

मी पानं उलटली. शेवटचं पान जानेवारीतलं होतं, आजारी पडायच्या आधीचं. "गुऱ्हाळं बंद झाली की आबांना इकडे आणायचं. मळीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आजवर विचारलं नाही, चूक झाली. पेटी त्यांच्या हाती दिली तर मासे दहा वर्षं जगतील."

मी ते दोनदा वाचलं, मनातल्या मनात.

"माजं काय हाय का त्यात?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले. "असतं तर लई जड गेलं असतं."