पाटीखालचा खण

घंटाघराच्या दगडांमधल्या दरजांतलं सगळं सिमेंट ताईने खरवडून काढायला लावलं. फक्त दारालगतचा एक खण तसाच ठेवला. दगडकाम करणाऱ्या मिस्त्रीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तो राहू दे. माझी जबाबदारी."

त्या खणाच्या वर संगमरवरी पाटी होती. या वास्तूचा जीर्णोद्धार कुणाच्या देखरेखीखाली झाला, ते तिच्यावर कोरलेलं. नाव खात्याच्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांचं.

त्या जीर्णोद्धाराच्या वेळी साहेबांना उद्घाटनाची घाई होती. चुना वाळायला वेळ घेतो, म्हणून त्यांनी सिमेंट भरायला लावलं. कामावर ताईचा धाकटा भाऊ पर्यवेक्षक होता. तो नको नको म्हणत राहिला, पण साहेबांनी त्याला उडवून लावलं. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. ती वाट बंद झाली, तशी ओल मऊ दगडातून झिरपू लागली. दगडावर लोणा, म्हणजे खार, फुटला, पोपडे सुटले, आणि एके दुपारी सज्ज्याचा दगड निखळून भावाच्या खांद्यावर आला. उजवा हात कायमचा गेला. चौकशीत साहेबांनी सांगितलं, "मिश्रण पोरानेच बिघडवलं." भाऊ तेव्हा इस्पितळात होता. नोकरी गेली, नाव गेलं. त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. ताईने मात्र ते मनात धरलं.

आता त्याच घंटाघराच्या दुरुस्तीची सगळी सूत्रं तिच्या हाती होती. पावसाळा सरला. सगळी इमारत कोरडी, नितळ. पाटीखालचा खण तेवढा खरजेसारखा सोललेला. त्यावरची कोरीव वेल पिठासारखी झडत होती. येणारे-जाणारे थांबायचे, भिंत बघायचे, मग वर नाव वाचायचे.

निवृत्त साहेब रोज तिथूनच फिरायला जायचे. शेवटी एक दिवस आत आले.

"किती दिवस माझे धिंडवडे काढणार आहात, बाई?"

"मी काही केलेलं नाही. तुमचं काम जसंच्या तसं जपलंय."

"निदान पाटी तरी काढा."

"पाटी कशी काढणार? लोकांना कळायला नको?"

साहेबांनी काठी दाराला टेकवली. "काय हवंय तुम्हाला?"

"माझ्या भावासमोर, सगळ्या माणसांसमोर, खरं बोला."

भावाला बोलावून आणल्यावर ते बोलले: सिमेंट त्यांनीच भरायला लावलं होतं. परांचीवरची माणसं काम थांबवून ऐकत होती. आवाज फुटत नव्हता, म्हणून ताईने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. भाऊ समोर उभा होता. ऐकून म्हणाला, "मला माहीतच होतं." मग भिंतीपाशी गेला, डाव्या हाताने वेलीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"ताई, हे तू मुद्दाम होऊ दिलंस?"

"हो."

"या दगडाने काय घोडं मारलं होतं तुझं?"

भाऊ तिच्याकडे न बघता निघून गेला.

मिस्त्रीने सिमेंट काढलं तेव्हा वेलही त्याच्यासोबत सुटून आली. वाचवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिथे कोरा दगड बसवला, दरजा चुन्याने भरल्या. मिस्त्री हळहळला. ताईने दगडाच्या भुकटीचं घमेलं स्वतः उचलून बाहेर नेलं आणि रस्त्यालगत उपडं केलं. तेवढ्यात साहेब समोरून येताना दिसले. तिला बघून त्यांनी रस्ता ओलांडला. तिला बरं वाटलं. भाऊ अजून तिच्याशी बोलत नव्हता, तरीही.