मधोमध कापलेली डेंग्री

नवा कपडा जुना करायचा, हे माझं काम. हसू नका, आमच्या कारखान्यात दोनशे बाया याच कामावर पोट भरतात. टी-शर्ट असले तर ते एन्झाइमच्या पाण्यात फिरवून मऊ करायचे. जाड कापड असलं तर दगडांबरोबर ड्रममध्ये घालायचं, मग कोपरावर नि खिशाच्या कडेला पॉलिश पेपर घासायचा, जांभळं औषध फवारायचं. धुतलं की तिथे पांढरट झीज उमटते. ज्यांनी जन्मात कधी दोर ओढला नाही, त्यांना दोर ओढून झिजलेली कोपरं हवी असतात. मी सोळा वर्षं त्यांना ती देत आले.

त्या सकाळी वारा बोचत होता, म्हणून बाबांची डेंग्री अंगावर टाकून निघाले. त्यांना न विचारता. डेंग्री म्हणजे जाड निळ्या कापडाचा कोट. आमच्या किनाऱ्यावर मासेमाराच्या अंगावर पूर्वी दुसरं काही दिसायचंच नाही. बाबांनी ही तीस वर्षं होडीवर घातली. आता होडी वाळूत उलटी पडलीय, कारण कारखान्यांचं रंगाचं पाणी समुद्रात जातं आणि जाळ्यात मासा नाही, काळा गाळ येतो. त्यात माझ्या ड्रमचंही पाणी असतंच, मला कुणी सांगायला नको. तरी बाबा रोज डेंग्री चढवून धक्क्यावर जातात. तेवढंच उरलंय त्यांचं.

डेंग्री खुंटीला टांगून मी कामाला लागले. दहाच्या सुमारास आमचा मालक सी लमजद, म्हणजे लमजदसाहेब, एका इटालियन खरेदीदाराला घेऊन आला. इटालियन खुंटीपाशी थबकला.

"हे कुणी धुतलं? मला हाच रंग हवा. हीच झीज. सहा हजार कोट."

सी लमजदनं माझ्याकडे पाहिलं. "नेजिया, दोन दिवस राहू दे गं इथे. रंग जुळवला की तुझी तुला."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा संताप अजून गेलेला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. मंजूर झालेला नमुना मधोमध कापायचा. अर्धा खरेदीदार नेतो, अर्धा आमच्या खुंटीला. पुढे माल तयार झाला की दोन्ही अर्धे टेबलावर ठेवून जुळवायचे, म्हणजे कुणी कुणाला फसवायला नको. नमुने सांभाळणारा तय्यब वीस वर्षं हेच करतोय. इटालियननं मंजुरीची चिठ्ठी माझ्या बाबांच्या डेंग्रीलाच टाचली. तय्यबनं चिठ्ठी बघितली, कात्री उचलली, आणि कॉलरपासून खालच्या काठापर्यंत पाठ उभी चिरली.

"तुझे हात झडले नाहीत?" मी किंचाळले.

"चिठ्ठी होती गं," तय्यब पुटपुटला. "चिठ्ठी असली की मी कापतो. कपडा कुणाचा ते कधी बघतच नाही."

सी लमजद आतून आला. "ओरडतेस काय एवढी? नव्या कोटांतला एक घे आणि तूच जुना कर. तुझ्या हातची झीज तुझ्या बापालासुद्धा ओळखू यायची नाही."

तोवर इटालियन त्याचा अर्धा घेऊन विमानतळाच्या वाटेला लागला होता.

केला मी जुना. सोळा वर्षांची सगळी अक्कल त्यात ओतली. डावं कोपर जास्त, उजवं कमी, गळ्याशी उन्हानं उडालेला रंग, सगळं जिथल्या तिथे. घरी नेऊन बाबांना दिला. त्यांनी घातला, खिशात हात घातला आणि लगेच अंगातून काढला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच, बाबा. धुऊन आणलाय."

"या खिशात कुणी कधी हात घातलेला नाही."

खिसा आतून करकरीत होता. आम्ही फक्त बाहेरून म्हातारं करतो, आत कोण बघतंय? मग मी सगळं सांगून टाकलं.

बाबा आरडाओरडा करतील तर बरं, असं मला वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तू काय म्हणालीस?"

मालकापुढे मी नुसती मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी बाबा धक्क्यावर गेले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, हरिसाची लाल तिखट चटणी लावलेला पाव उशाशी वाळून जायचा. माझा बाप घरात बसला होता, आणि त्याला मी बसवलं होतं.

खरेदीदार पहिला माल तपासायला गुरुवारी येणार होता. त्या सकाळी मी आमचा अर्धा खुंटीवरून काढला आणि झग्याखाली पोटाशी बांधला. इटालियननं त्याचा अर्धा टेबलावर पसरला. "तुमचा कुठाय?" तय्यब खुंट्या धुंडाळू लागला. सी लमजदला घाम फुटला. मी पुढे झाले, झग्याखालून आमचा काढला, त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही चिरा एकमेकींना लागल्या. मग दोन्ही अर्धे एकत्र गुंडाळून काखेत मारले.

"नेजिया! ठेव ते खाली!"

"का ठेवू? तुमच्या बापाचा आहे?"

"दाराबाहेर पाऊल टाकलंस तर परत येऊ नकोस!"

दारात तय्यब उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरला.

शिवण बाबांनी मला घालू दिली नाही. जाळं सांधायचा दोरा काढला आणि मानेपासून खालपर्यंत जाडजूड टाके स्वतःच घातले. "पुन्हा न विचारता घेशील तर बघ," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी डेंग्री घालून धक्क्यावर गेले.

आठ दिवसांनी मी बाबांबरोबर धक्क्यावर होते, तर सी लमजद तिथे हजर. माझ्यावाचून एकीलाही कोपर जमत नव्हतं.

"झालं गेलं सोड, नेजिया. उद्यापासून ये. पगारही वाढवतो."

खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणार होते. घरात तेल संपलं होतं. पण तेवढ्यात त्याची नजर बाबांच्या पाठीवर गेली. तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बोटानं टाके चाचपू लागला.

"हा टाका बघ! पुढच्या हंगामाला इटालियन यावर जीव टाकेल. नेजिया, दोनच दिवस—"

मी त्याचं मनगट धरलं. पिळलंच म्हणा ना.

"हात काढा."

"अगं, मी पगाराचं बोलतोय…"

"आधी हात काढा."

त्यानं हात काढला आणि शिव्या देत मोटारीकडे गेला. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. ते पाण्याकडे बघत उभे होते, दोन्ही हात खिशात घालून.