सतरा नंबरचे हिरवे चौकोन

सारोळ्याच्या पुलाअलीकडे मानसिंगरावांनी चाळीस घरांची रानं खंडानं घेतली, एकशेचाळीस एकरांचा एकच फार्म केला आणि त्यावर भोरच्या नजीरला मॅनेजर नेमलं. नजीर हुशार होता याबद्दल दुमत नव्हतं. त्याचं स्वतःचं तर मुळीच नव्हतं. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र गळ्यात अडकवून तो बांधाबांधानं फिरायचा. कुठल्या तुकड्याला किती खत, किती पाणी हे कॉम्प्युटर ठरवायचा आणि ठिबकच्या नळ्यांतून ते थेट मुळाशी जायचं. अशा रानात जनावराचं काय काम? 'गुराढोरांना सक्त मनाई' ही पाटी त्यानं स्वतः शेजारी उभं राहून रंगवून घेतली होती.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात माती तपासून आली. दर दहा गुंठ्यांतून एक पुडी, अशा साडेपाचशेच्या वर पुड्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. त्यांचा रंगीत नकाशा आला तेव्हा सगळं रान फिकट पिवळं आणि सतरा नंबरच्या प्लॉटात चार चौकोन मात्र गर्द हिरवे. एवढा कस फार्मवर दुसरीकडे कुठंच नव्हता.

शोधून काढेपर्यंत थांबणं नजीरच्या स्वभावात नव्हतं. "साहेब, नीरेचा जुना गाळ आहे तो," त्यानं फोनवरच सांगून टाकलं.

मानसिंगराव पुण्याहून म्हणाले, "मग वर्षभरात सगळं रान तसं करा. कसं करणार ते गुरुवारी समोर सांगा. जमणार नसेल तर तुमच्या जागेवर एक मुलगा बघून ठेवलाय मी."

आता नदीला उठवून एकशेचाळीस एकरांवर कोण फिरवणार? नोकरी जाईल याची नजीरला भीती वाटत होती, आणि भोरमध्ये लोक काय म्हणतील याची त्याहून जास्त.

संध्याकाळी तो नकाशा पुढ्यात घेऊन बसला होता. त्याच्या बायकोनं, हलिमानं, चहा ठेवता ठेवता त्यात डोकावून पाहिलं.

"हे तर रायबाआबांचे वाडे," ती म्हणाली.

"कसले वाडे?"

"बकरी ईदला तुमी चार दिवस सुट्टीवर घरी व्हता न्हाई का? मेंढा घेताना आबा काय भाव उतरवंनात. मग म्या म्हनलं, ठीक हाय, मोकळ्या रानात चार राती मेंढरं चारा, बसवा, पर मेंढा मी म्हनते त्याच भावात द्या. रोज वाड्याची जाळी उचलून शेजारी लावली त्यांनी. चार राती, चार चौकोन."

"कंपनीच्या रानात? आणि सावळारामनं गेट उघडलं?"

"राखनदारानं गेट उघडलं, ट्रॅक्टरवाल्यानं लेंड्या नांगरल्या, मटण तुमी खाल्लं. आता कुनाकुनाला रागावताय?"

नजीरनं चहा पिऊन टाकला. राग येत होता, पण त्याच्याबरोबर हसूही येत होतं, आणि दोन्ही बायकोला दिसू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून मार्गासनी गाव मागं टाकून तो विंझरच्या वरच्या अंगाला, रायबाच्या वस्तीवर गेला. चारशे मेंढरांचा हा धनी दारात लोकर झटकत बसला होता. नजीरनं नकाशा पसरला आणि सगळ्या रानावर वाडा बसवायचा झाला तर कसा, ते विचारलं.

"तुमच्या रानात तर मनाई हाय," रायबा अगदी साळसूदपणे म्हणाला. "म्हंजे आमाला वाचता येत न्हाई, पर पोरीनं वाचून दावली पाटी."

"आबा, चुकलं माझं. आता सांगा की."

मग रायबानं सांगितलं. एका रातीत चारशे मेंढरं किती जागा धरतात, वाडा उठला की नांगर किती दिवसांत घालायचा, सगळं. शेवटी नकाशावरच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो तुकडा सोडा. हितं वल असती. मेंढरू वलीला बसत न्हाई."

त्या कोपऱ्यात पाणी मुरत नाही, हे शोधायला नजीरचे दोन हंगाम गेले होते. त्यानं वही काढली आणि रायबा बोलत होता ते लिहून घेतलं.

गुरुवारी मानसिंगराव आले. नजीरनं रायबाला मुद्दाम बोलावून शेजारी उभं केलं होतं. नदीच्या गाळाची गोष्ट जिभेवर तयार होती. ती सांगितली असती तर साहेबांनी मानही डोलावली असती. पण शेजारी रायबा होता, आणि नजीरला त्याच्यासमोर खोटं बोलायची लाज वाटली.

"साहेब, तो गाळ नाही. मेंढरं बसली होती तिथं. मला माहीत नव्हतं. आमच्या घरातून ठरलं होतं."

मानसिंगरावांनी नकाशा पुढ्यात ओढला. "म्हणजे मॅनेजर सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं?"

"हो, साहेब."

साहेब रायबाकडे वळले. "येत्या हंगामापासून बसवाल का सगळ्या रानात?"

"बसवतो की. दोन-तीन वाडे आनखी बोलवावे लागतील, त्येबी बोलवतो," रायबा म्हणाला. "बोलनी तेवढी हलिमाभाबीसंगं करू. नजीरभाई मानूस लई चांगलं हायती, पर त्यास्नी सगळं मागनं कळतं."

मानसिंगरावांनी खिशातून मोबाईल काढला आणि नजीरलाच घरचा नंबर विचारला.