पाठमोरी शिवण

वर्षाने शिवलेला हातमोजा पाण्याने भरून तारेला टांगला होता आणि सगळी शेड हातातलं काम सोडून त्याकडे बघत होती. अंगठ्याच्या बेचक्यातून पहिला थेंब पडला. मग दुसरा. धुरपदाबाईने मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना.

"मोज व, मोज थेंब," ती पुटपुटली. "भलती हुशार ना तू!"

उधन्याच्या त्या शेडमध्ये हजीऱ्याच्या पोलादाच्या भट्ट्यांवरच्या कामगारांसाठी चामडी हातमोजे शिवत. धुरपदाबाईला इथे अठरा वर्षं झाली होती, तर त्या वर्षा पोरीला अडीचच. तरी कॉलेजातल्या शीतलबेन प्रदर्शनासाठी बर्फात राहणारे इनुइट लोक वापरतात तसा, पाणी न शिरणारा हातमोजा शिवून मागायला आल्या, तेव्हा मालक मगनशेठने हाक मारली ती वर्षाला. "छोकरी होशियार छे," असंही वर म्हणाले. त्या दिवसापासून धुरपदाबाईच्या घशाखाली भाकर नीट उतरत नव्हती.

"दोनदा शिवलं, मेण भरलं, तरी गळतंच!" वर्षा रडकुंडीला आली होती.

"गळणारच," शीतलबेन म्हणाल्या. "सुई आरपार गेली की भोक पडतं. इनुइट बायका सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवतात. शिवाय त्यांचा दोरा हरणाच्या शिरेचा. ओला झाला की फुगतो आणि भोक बुजवतो."

धुरपदाबाईच्या बोटांना यातलं अर्धं ठाऊक होतं. पारोळ्याला तिचा बाप पाण्याच्या पखाली शिवायचा, त्या अशाच. वर्षाची सुई आरपार जाताना तिने मंगळवारीच पाहिलं होतं. पाहिलं, आणि गप्प बसली.

शीतलबेननी पुस्तक उघडलं. फोटोत एक बाई जमिनीवर बसून कातडं कापत होती. हातात अर्धगोल पात्याची सुरी, मूठ बरोबर मधोमध.

"ही तं रापी शे!" धुरपदाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"तशीच. पण ही बायकांची. आईकडून लेकीला मिळते."

धुरपदाबाई पुढे वाकली. त्या बाईच्या गुडघ्याला टेकून सहा-सात वर्षांची पोर बसली होती, आईच्या बोटांकडे टक लावून. तिला कुणी हाकलत नव्हतं.

वर्षाबद्दलचा हेवा आठ दिवसांचा होता. हा त्याहून फार जुना. पखालीची ती शिवण आली की बाप तिच्याकडे पाठ करायचा. समोर बसायचा भाऊ, राघो. "आंडेर परक्या घरनी," बाप लेकीबद्दल म्हणायचा, "कसब तिकडे जाई." ती मागून बापाच्या कोपराची हालचाल बघून शिकली, फाटक्या चपलेवर गिरवत. रापी राघोला मिळाली. आता तो जळगावला रिक्षा चालवतो आणि रापीने चाकांचा चिखल खरवडतो.

"माले द्या," ती म्हणाली.

दोन मिलिमीटर जाडीचे तुकडे घेऊन ती आपल्या कोपऱ्यात बसली. शेडकडे पाठ करून. पुस्तक फळीवर उघडंच होतं. सुई आत शिरे, कातड्याच्या पोटातून वळे आणि त्याच बाजूने बाहेर येई. पलीकडे टोचल्याची खूण नाही.

जरा वेळाने मानेवर श्वास लागला.

"मावशी, वळा ना थोड्या. काहीच दिसत नाही."

"तुले काम नही का?"

वर्षा हलली नाही. धुरपदाबाईने कोपर अंगाशी घट्ट दाबलं, बाप दाबायचा तसंच. आणि तिला ते कळलं. सुई तिथेच थांबली. फळीवरच्या फोटोतली पोर अजून आईच्या बोटांकडे बघत होती.

धुरपदाबाई नाखुशीने डावीकडे सरकली आणि कातडं खिडकीच्या उजेडात धरलं.

"देखी ले. पन इचारू नको."

वर्षा झटकन पुढे आली आणि तिच्या गुडघ्याला टेकून बसली. धुरपदाबाईला ते आवडलं नाही. गुडघा मात्र तिने मागे घेतला नाही.