मोडीतला ध्रुवतारा

“मागून मळसूत्र आहे मावशी, ओढू नका,” मंगलाबाई म्हणाल्या. पण कौशल्याबाईंनी तो चांदीचा तारा एव्हाना नवऱ्याच्या तसबिरीवरच्या चंदनी हारात खोचूनही टाकला होता. आणि आता मागे सरून, मान तिरकी करून त्या पाहत होत्या. दारावरचं तोरण सरळ लागलं की नाही ते पाहावं, तसं.

मंगलाबाईंनीही पाहिलं. ताऱ्याच्या खाली, काचेआड, फोटोतले श्यामराव कातडी टोपी घालून उभे होते आणि त्यांच्या कोटावर एकच पदक होतं. गोल. पट्टीला लोंबणारं.

म्हणजे तारा श्यामरावांचा नव्हताच.

मंगलाबाई जवाहरनगरला, आयुध निर्माणीच्या कॅन्टीनमध्ये कामाला. दिवसभर उसळ ढवळायची आणि संध्याकाळी मोबाइल उघडून मंगोलियाची पदकं शोधायची, हा त्यांचा नाद. नागपूरच्या जुन्या बाजारात एक पदक दिसलं, त्यावर घोडेस्वार होता, घोडा आवडला म्हणून घेतलं, इतकंच ते सुरुवातीला होतं. पण पुढे कळलं की ती पदकं परदेशी माणसांनाही देत, आणि मग बाईंच्या डोक्याला चैनच पडेना. आपल्या माणसाच्या छातीवर कोणीही काहीही लावतं. परक्याच्या छातीवर काय म्हणून लावलं असेल? काय केलं असेल त्यानं त्या थंडीत? सायबेरियाचा एक निवृत्त डॉक्टर, प्रागचा एक मास्तर, अशा कुठल्या कुठल्या लोकांशी त्या फोनच्या भाषांतरावर बोलत. एका माणसानं दुसऱ्याच्या पदकाला भलत्याच सैनिकाचं नाव चिकटवलं, तेव्हा बाईंनी त्याला असं झापलं होतं की ज्याचं पदक त्याचंच नाव, नाहीतर कोणाचंच नाही. भाषांतरात त्याचं काय झालं देव जाणे, पण त्या माणसानं माफी मागितली होती.

आणि आता त्यांनी स्वतः काय केलं होतं?

भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात, मोडीच्या ढिगात, हा चांदीचा तारा, मंगोलियाचं ‘ध्रुवताऱ्याचा मान’ हे पदक, त्यांना सापडला होता. कोणाचा, ते वर्षानुवर्षं कळत नव्हतं. मग कॅन्टीनमध्ये तुमसरचा एक आचारी आला आणि त्यानं हसत हसत ‘मंगोलियावाल्या श्यामराव’ची गोष्ट सांगितली. बोअरिंग मशीनवरचा मिस्तरी, म्हणे मंगोलियात विहिरी खोदून आला! आख्खं तुमसर म्हणायचं की मंगोलिया कुठली, ते वर्ष तो नागपूरच्या जेलात होता. कोटबीट भाड्याचा, फोटो जत्रेतल्या स्टुडिओतला. मंगलाबाईंनी गोष्ट ऐकली, झारा खाली ठेवला आणि त्याच दिवशी नंबर मिळवून कौशल्याबाईंना फोन केला, की तुमच्या मालकाचं पदक मले सापडलं. फोटो पाहायच्या आधीच! सबुरी ही चीज बाईंना कधी जमलीच नव्हती.

कौशल्याबाईंनी नेमका आजचा दिवस दिला. आज नातीचं, रुचिकाचं, साक्षगंध. पाहुणे गोंदियाचे. गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण सोयरिकी काही वेगळ्या झाल्या नव्हत्या, आणि जुन्या थट्टाही नाहीत. नवरदेवाचा काका टेकचंद पूर्वी तुमसरला राईस मिलमध्ये होता. जेलवाल्याच्या घरची पोरगी करून राहिलो आपण, असं त्यानं तिकडे म्हटल्याचं इकडे पोचलं होतं. आजीला म्हणूनच पाहुणे यायच्या आत तसबिरीवर काहीतरी खणखणीत हवं होतं.

मंगलाबाई बसल्या, उठल्या, पाणी प्यायल्या, अंगणात जाऊन आल्या. सांगावं आताच? पण आजीच्या चेहऱ्यावर आज किती वर्षांनी काय उजळलं होतं! आणि तुमसरात कोण ओळखणार होतं तारा आणि गोल? एक शब्द न बोलता सगळं निभावलं असतं. पुन्हा त्या उठल्या. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

ओटी झाली, अंगठ्या झाल्या, पोह्यांच्या बशा फिरल्या. टेकचंदची नजर तसबिरीवर गेलीच.

“काय वो मावशी, हे कोठून आणलं? मीनाबाजारातून?”

दोन-चार जण हसले. रुचिका हातातल्या अंगठीकडे पाहत राहिली. कौशल्याबाईंनी मंगलाबाईंकडे बोट केलं. ह्या बाईले सारं समजते, इले विचार.

“मंगोलियाचंच आहे,” मंगलाबाई म्हणाल्या. इतकं तर खरं होतं.

“ते ठीक आहे. पण आहे ह्याच बुढ्याचं ना?”

मंगलाबाईंनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं.

“नोहे,” कौशल्याबाई म्हणाल्या. “हे ह्यायचं नोहे. ह्यायचं गोल होतं. फोटोत पाह्य ना, डोळे आहेत तं.”

मंगलाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आजीला सुरुवातीपासून ठाऊक होतं! हारातला तारा आजीनं हलकेच काढला आणि पदराला पुसला.

मग मात्र मंगलाबाईंची जीभ सुटली. टेकचंदला हाताला धरून त्यांनी तसबिरीपाशी नेलं. हे गोल म्हणजे मैत्रीचं पदक. तिथे जाऊन काम करणाऱ्या परदेशी माणसाला देतात. जत्रेतल्या फोटोवाल्याले असं पदक माहीत तरी असंन का, भाऊ? तो राजाचा मुकुट ठेवंन, पोलिसाचा डगला ठेवंन. हे कायले ठेवंन? मोबाइलवर तसंच पदक काढून त्यांनी त्याच्या नाकासमोर धरलं. टेकचंदनं मोबाइल पाहिला, तसबीर पाहिली, पुन्हा मोबाइल पाहिला.

“असंन बाप्पा,” तो म्हणाला, आणि पोहे अजून आहेत का म्हणून विचारलं.

इतकंच झालं. कोणी माफी मागितली नाही, कोणी टाळ्या पिटल्या नाहीत. पण जाताना टेकचंद तसबिरीपाशी घुटमळला आणि वहाणा घालण्याआधी त्यानं एक घाईचा नमस्कार केला.

पाहुणे गेल्यावर मंगलाबाईंनी विचारलं की मावशी, ते गोल कुठे गेलं?

“मोडीत,” कौशल्याबाई बशा गोळा करत म्हणाल्या. “पोरीच्या लग्नाले नवे भांडे घेतले, तवा जुने पितळी गुंड मोडीच्या काट्यावर ठेवले होते. ह्यायनं खिशातून काढलं आन् त्याच्यावर टाकलं. आपल्याच हातानं. मी म्हटलं, हे काहून? तं म्हणे, वजन तं होईन त्याचं.”

आजीनं तारा त्यांच्या तळव्यावर ठेवला.

“हे ज्याचं आहे, त्याच्याही घरी कोणी तरी लोकायचं ऐकून घेत असंन. त्याले शोध.”

“शोधतो. पण आधी ह्यायचा फोटो काढू द्या. तिकडच्या लोकायले दाखवतो, नावासकट.”

घरात काच चमकत होती. कौशल्याबाईंनी तसबीर उतरवली, अंगणात उतरत्या उन्हात आणली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. मंगलाबाई मोबाइल घेऊन जवळ आल्या. पदक तेवढं हवं होतं, पण त्या तशाच मागे सरकल्या, पूर्ण आजी मावेपर्यंत.

“थांब वो बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. तसबीर एका हातावर तोलून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि ताठ उभ्या राहिल्या.